मूल १८ वर्षांचं झालं की खावटी आपोआप बंद होते का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. पती-पत्नी वेगळे राहतात, घटस्फोट झालेला नाही. २०१४ साली कौटुंबिक न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पत्नीला ५,०००, मुलीला ४,००० आणि मुलाला ४,००० रुपये दरमहा खावटी (पोटगी) मंजूर केली. मुलगी आता २० वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मुलाला एप्रिलमध्ये १८ वर्षं पूर्ण झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचाय. मे महिन्यापासून वडिलांनी सगळेच पैसे थांबवले. म्हणतात, "दोघंही सज्ञान झाली, माझी जबाबदारी संपली." हे खरं आहे का? आणि वडिलांविरुद्ध मुलांना कोर्टात उभं करावं लागेल का?

ताई, तिघांचं उत्तर तीन प्रकारचं आहे. तुमचे ५,००० थांबवणं हा सरळ आदेशाचा भंग आहे. मुलीबाबत वडील निम्मे बरोबर आणि निम्मे चूक आहेत. मुलाबाबत कायद्याचा शब्द त्यांच्या बाजूने आहे, पण तिथेही मार्ग बंद झालेला नाही.

सगळ्यात आधी त्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि शेवटचा, आदेशाचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. कोर्टात येणारी बरीच मंडळी निकाल दहा वर्षं कपाटात ठेवतात आणि त्यात काय लिहिलंय ते आठवणीतून सांगतात. "सज्ञान होईपर्यंत", "लग्न होईपर्यंत", "पुढील आदेश होईपर्यंत" या तीन शब्दरचनांचे परिणाम वेगवेगळे असतात. पहिल्यात वाढदिवसाच्या दिवशी रक्कम थांबते, कुणाला काही अर्ज करावा लागत नाही. दुसऱ्यात मुलीची रक्कम चालू राहते, आणि वडिलांना ती मान्य नसेल तर त्यांनीच कोर्टात जाऊन आदेश बदलून घ्यायला हवा. "पुढील आदेश" असं असेल तरी हीच भूमिका घ्यावी, पण मुलाच्या बाबतीत वडील वसुली अर्जातच "हक्कच संपला" असा बचाव घेणार, हे धरून चाला.

तुमच्या स्वतःच्या रकमेचा मुलांच्या वयाशी काहीही संबंध नाही. तुम्ही पत्नी म्हणून ती घेता. उद्या घटस्फोट झाला तरी, पुन्हा लग्न करत नाही आणि स्वतःचं भागवू शकत नाही तोवर हा हक्क राहतो. मे महिन्यापासूनच्या थकबाकीसाठी आजच वसुली अर्ज तयार करायला घ्या. इथे एक मुदत आहे आणि ती चुकल्यामुळे लोकांचे पैसे बुडताना मी नेहमी पाहतो. या कलमाखालची थकबाकी वॉरंट काढून वसूल करायची असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देतील, देतील" म्हणत दोन वर्षं थांबलात, तर पहिल्या वर्षाची रक्कम या मार्गाने मिळणार नाही. मुलं अज्ञान (१८ पूर्ण न झालेली) असताना त्यांच्या नावे काही थकलेलं असेल तर तेही याच अर्जात धरा. मूल सज्ञान झाल्याने मागची बाकी माफ होत नाही.

आता मुलीकडे येऊ, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुनं कलम १२५ आता कलम १४४ झालं. मजकूर या मुद्द्यावर तोच आहे. अपत्य अज्ञान असेल तर खावटी. सज्ञान झाल्यावर फक्त तेव्हाच, जेव्हा शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे ते स्वतःचं भागवू शकत नाही. धडधाकट, शिकणारी, अविवाहित, २० वर्षांची मुलगी या कलमात बसत नाही. वडील निम्मे बरोबर आहेत ते इथे.

पण हिंदू मुलीसाठी दुसरा कायदा आहे, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६. त्याच्या कलम २० मध्ये मुलग्यासाठी आणि मुलीसाठी वेगळी रेषा आखलेली आहे. अपत्य अज्ञान असेपर्यंत मागू शकतं, हा सर्वसाधारण नियम. अविवाहित मुलीच्या बाबतीत मात्र, स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून तिचं भागत नसेल तोवर जबाबदारी चालूच राहते. वयाचा आकडा तिथे नाहीच. याच कायद्यात 'निर्वाह' म्हणजे काय तेही सांगितलंय: अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधपाणी, आणि अविवाहित मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा.

सर्वोच्च न्यायालयाने 'अभिलाषा विरुद्ध प्रकाश' या १५ सप्टेंबर २०२० च्या निकालात ही दोन दालनं स्वच्छ वेगळी केली. न्या. अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की सज्ञान, सुदृढ मुलीला दंडाधिकारी कलम १२५ खाली खावटी देऊ शकत नाही. पण कलम २० खाली तिचा हक्क लग्न होईपर्यंत आहे, फक्त स्वतःचं भागत नाही हे तिने अर्जात मांडायला आणि सिद्ध करायला हवं. वर्तमानपत्रांत या निकालाचा अर्धाच भाग छापून आला आणि "सज्ञान मुलीला पोटगी नाही" एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. तुमच्या मुलांच्या वडिलांनाही कुणीतरी तेवढंच सांगितलेलं दिसतंय.

म्हणून मुलीसाठी कलम २० खाली स्वतंत्र अर्ज करायचा. तुमच्या गावी कौटुंबिक न्यायालय आहे, त्यामुळे सोपं आहे. त्या न्यायालयाला दोन्ही कायद्यांखालचे अधिकार आहेत. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही अशा तालुक्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कलम २० चा आदेश देऊ शकत नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. चुकीच्या दालनात दोन वर्षं तारखा घेऊन शेवटी अर्ज निकाली निघतो, आणि तोवर मुलीचं शिक्षण संपलेलं असतं.

अर्जदार म्हणून मुलीचंच नाव घाला आणि सही तिचीच घ्या. ती आता सज्ञान आहे, अज्ञान मुलीची पालक म्हणून तिच्या वतीने सही करण्याचा तुमचा अधिकार राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आईने सज्ञान अविवाहित मुलीसाठी मागितलेली रक्कम विचारात घेता येते असं मान्य केलंय हे खरं. तरीही मी मुलीच्याच नावे अर्ज करायला सांगतो. अधिकाराचा मुद्दा काढून वेळ खाण्याची संधी समोरच्या वकिलाला का द्यायची?

रक्कम मागताना २०१४ च्या ४,००० ला चिकटून राहू नका. हा वेगळ्या कायद्याखालचा नवा अर्ज आहे. आजची फी, आजचं भाडं, आजचा प्रवास, पुढे एम.कॉम. किंवा सी.ए. करायचं असेल तर त्याचा खर्च, हे सगळं मांडा. मुलगी शिकवण्या घेऊन किंवा आर्टिकलशिपच्या विद्यावेतनातून दोन-पाच हजार मिळवत असेल तर लपवू नका. कायदा "काहीच कमाई नाही" असं म्हणत नाही, "त्यात भागत नाही" असं म्हणतो. लपवलेली छोटी कमाई उलटतपासणीत बाहेर आली की तिच्या बाकी खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो, आणि ते फार वाईट वाटतं, कारण उघड सांगितली असती तर त्या कमाईने काही बिघडणार नव्हतं.

इथे एक बचाव हल्ली नियमित ऐकू येतो: "मुलींना सरकारने फी माफ केलीय." महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, हे बरोबर. पण ती माफी त्या दोन शुल्कांची. खोलीभाडं, खाणावळ, पुस्तकं, लॅपटॉप, दवाखाना यातलं काही त्यात नाही. मुलगी त्या योजनेत असेल तर तेवढी रक्कम मागू नका, बाकीची निःसंकोच मागा.

कलम २० चं ओझं "हिंदू पुरुषावर" नाही, "हिंदू व्यक्तीवर" आहे, म्हणजे आईवरही आहे. तुम्ही नोकरी करत असाल तर कोर्ट तुमचाही वाटा पाहील. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालातही मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा आणि आई पुरेसं कमावत असेल तर तो प्रमाणात वाटला जावा, असंच सांगितलंय. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात देणं बंधनकारक केलं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मुलीचा अर्ज जितका उशिरा, तितके महिने गेले.

आणि आता मुलगा.

इथे मला गोड बोलता येणार नाही. कलम १४४ मध्ये तो १८ पर्यंत, कलम २० मध्ये १८ पर्यंत, घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मागता येते तीही अज्ञान अपत्यांसाठीच. कुठलंही दालन उघडा, सुदृढ मुलग्याचा स्वतःचा हक्क अठराव्या वाढदिवसाला थांबतो. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. १९५६ साली मॅट्रिक झालेला मुलगा कारकुनी किंवा कारखान्यातली नोकरी धरू शकत होता. आज आपल्याकडे बारावीची परीक्षा होते आणि त्याच्या आगेमागेच अठरावं वर्ष पूर्ण होतं, म्हणजे जिथे सगळ्यात मोठी फी भरायची असते त्याच महिन्यात कायदा वडिलांना मोकळं करतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला मुलगा कोणत्या अर्थाने स्वतःच्या पायावर उभा असतो? हा बदल संसदेनेच करायला हवा.

तोवर न्यायालयांनी जे मार्ग काढलेत ते असे. मार्च २०२१ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात, नुसतं १८ पर्यंतचं सहाय्य आजच्या काळात पुरेसं नाही असं म्हणत, वडिलांनी मुलाला शाळेनंतरची पहिली पदवी मिळेपर्यंत रक्कम द्यावी असा आदेश दिला. याने कायद्याचा शब्द बदलला नाही. पण तडजोडीच्या टेबलावर, आणि न्यायाधीशांसमोर वाजवी काय हे सांगताना, हा निकाल वजनदार आहे.

मला जास्त उपयोगी वाटतो तो दिल्ली उच्च न्यायालयाचा जून २०२१ चा मार्ग. तिथे न्या. सुब्रमणियम प्रसाद यांनी मुलाला थेट खावटी दिली नाही. मुलगा सज्ञान झाला म्हणून त्याचा सगळा खर्च आईच्या एकटीच्या अंगावर टाकता येणार नाही, हे वास्तव धरून त्यांनी मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, आईला दरमहा १५,००० रुपये मंजूर केले. दिल्लीचा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण मांडता येतो आणि मांडावा.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: मुलाच्या नावे नवा अर्ज करू नका, तो टिकणं अवघड आहे. तुमच्या स्वतःच्या ५,००० मध्ये वाढ मागा. बदललेल्या परिस्थितीत रक्कम वाढवण्याचा अर्ज पूर्वी कलम १२७ खाली होत असे, आता कलम १४६ खाली होतो. २०१४ नंतर महागाई वाढली, वडिलांचा पगार वाढला असेल, आणि मुलाचे ४,००० थांबले तरी तो तुमच्याच घरी जेवतो, त्याच छपराखाली झोपतो. भाडं आणि विजेचं बिल त्याच्या वाढदिवसाने कमी झालेलं नाही. हे सगळं आकड्यांत लिहा. मुलाचं प्रवेशपत्र, फीच्या पावत्या, बोनाफाईड दाखला जोडा. या अर्जाला खरी ताकद असते, कारण तो तुमचा स्वतःचा हक्क आहे, त्याला वयाची अट नाही.

अपत्याला अपंगत्व असेल, तर वरचं सगळं बदलतं. मग मुलगा की मुलगी, १८ की ३८, हा प्रश्न उरत नाही. कलम १४४ खालीच सज्ञान अपत्याला खावटी मिळते (विवाहित मुलगी मात्र यातून वगळलेली आहे). नुसतं अपंगत्वाचं प्रमाणपत्र पुरत नाही, त्या अपंगत्वामुळे कमावणं शक्य नाही हे दाखवावं लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर १८ पूर्ण होताच राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा. अठरानंतर आई ही आपोआप पालक राहत नाही, आणि बँकेपासून कोर्टापर्यंत सगळीकडे मुलाच्या वतीने सही कोण करणार हा प्रश्न उभा राहतो.

इतर धर्मीयांबद्दल थोडक्यात. मुस्लिम कुटुंबात, १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वडिलांची जबाबदारी मूल सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचं भागवू लागेपर्यंत आणि मुलीची तिचं लग्न होईपर्यंत आहे. आई घटस्फोटित असल्याने त्यात फरक पडत नाही. ख्रिस्ती आणि पारशी विवाह कायद्यांतल्या तरतुदी १८ पर्यंतच्याच. गोव्यातल्या वाचकांना हिंदूंचा १९५६ चा कायदा लागू होत नाही, तिथे कौटुंबिक बाबी पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने चालतात. कलम १४४ मात्र तिथेही आहे.

मुलगी नोकरीला लागली आणि त्यात तिचं भागू लागलं, किंवा तिचं लग्न झालं, की कलम २० ची रक्कम थांबते. वडील वारले तर कलम १४४ ची पुढची रक्कम थांबते, पण १९५६ च्याच कायद्यानुसार अविवाहित मुलगी 'आश्रित' असते आणि वडिलांची इस्टेट ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडून, त्या इस्टेटीतून, निर्वाह मागू शकते. ती स्वतःही वारस असतेच. दुसऱ्या लग्नाच्या कुटुंबाने सगळं ताब्यात घेतलेलं असतं तेव्हा हा मुद्दा फार कामाला येतो.

हे वाचणारे वडीलही असतील, आणि त्यातले कित्येक इमानदारीने दर महिन्याला पैसे भरणारे आहेत. त्यांना माझं सांगणं: स्वतःच्या मनाने बंद करू नका. मूल १८ चं होण्याच्या दोन-तीन महिने आधी कलम १४६ खाली आदेश बदलण्याचा अर्ज द्या, आणि निकाल लागेपर्यंत निदान वाद नसलेली रक्कम भरत राहा. पगारातून कपात होत असेल तर कार्यालय ती स्वतःहून थांबवत नाही, कोर्टाचं पत्रच लागतं. आणि कॉलेजची फी थेट भरायची असेल तर आधी कोर्टात पुरसिस (लेखी निवेदन) देऊन ती खावटीत धरली जाईल हे नोंदवून घ्या. नुसत्या पावत्या ठेवल्यात आणि वसुली अर्ज आला, तर ती फी वळती होईलच याची खात्री नाही.

ज्यांचा संमतीने घटस्फोट आता होतोय, त्यांनी तर ही वेळच येऊ देऊ नये. संमतीच्या अटींत "मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील" असं मोघम वाक्य घालून लोक सही करतात आणि आठ वर्षांनी त्या एका वाक्यावर भांडतात. पहिल्या पदवीपर्यंत की पदव्युत्तरपर्यंत, खासगी महाविद्यालय चालेल का, वसतिगृह कोणाकडे, वर्ष वाया गेलं तर काय, दरवर्षी किती टक्के वाढ, पैसे कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात, हे लिहा. कायदा मुलग्याला १८ नंतर देत नाही, पण वडिलांनी कोर्टापुढे लेखी कबूल केलेलं असेल तर ते हुकूमनाम्याचा भाग होतं आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून वसूल करता येतं. आणि आईने "मुलांसाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं असेल, तरी त्याने मुलांचा स्वतःचा हक्क जात नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न: मुलांना वडिलांविरुद्ध उभं करावं लागेल का? मुलाला नाही, कारण वाढीचा अर्ज तुमचा आहे. मुलीला अर्जावर आणि प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागेल, आणि प्रकरण पुराव्यापर्यंत गेलं तर उलटतपासणीलाही बसावं लागेल. त्याआधी समुपदेशन आणि मध्यस्थीची पायरी येते, ती मनापासून वापरा. दरमहा रकमेला नकार देणारे वडील मध्यस्थीत फी परस्पर कॉलेजला भरायला, किंवा मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार व्हायला तयार होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. जमलं तर तिथेच मुलाचाही प्रश्न लेखी सोडवून घ्या, कारण निकालातून त्याला तेवढं मिळेलच असं नाही. मुलगी नको म्हणत असेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका. तुमची वसुली आणि वाढ हे दोन अर्ज तिच्या सहीशिवायही चालतात.

वकिलाकडे जाताना २०१४ च्या निकालाची नक्कल, मागच्या वर्षभराचं बँक खातेपत्रक, दोन्ही मुलांच्या जन्मतारखेचा दाखला, फीच्या पावत्या आणि वडिलांच्या नोकरीबद्दल जे काही कागदोपत्री असेल ते न्या. महाराष्ट्रात खावटीच्या प्रकरणांत महिलांना १९९४ च्या शासन अधिसूचनेनुसार कोर्ट फी माफ आहे, ती मुलीच्या अर्जालाही लागू होते. वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वसुलीचा अर्ज पहिला, बाकीचे दोन त्याच आठवड्यात.